मदत हवी आहे: ट्रेलरचे आतले टायर फुटतायत, हवा किती आणि कधी बघायची?

नमस्कार मंडळी. आमचा चाळीस फुटी ट्रेलर न्हावाशेवा ते जालना चालतो. जाताना भरलेला कंटेनर, येताना बहुतेक वेळा रिकामा. ट्रेलरला तीन अ‍ॅक्सल, बारा टायर, सगळे १०.०० आर २० रेडियल. आमण्याला समृद्धीवर चढलं की सरळ जालना, वेळ वाचतो. पण उन्हाळ्यात टायर फुटतात, आणि फुटतो तो जोडीतला आतलाच. खोलून बघितलं तर आत रबराचा भुगा.

सकाळी ११० पौंड भरतो. दुपारी ढाब्यावर गेज लावलं की १२५. मग ड्रायव्हरकाका पंधरा पौंड सोडतात, काँक्रीटवर हवा वाढून टायर फुटतो म्हणतात. वडिलांच्या वेळचे आहेत, त्यांच्यापुढे माझं काय चालणार! सोडावी का? रिकामं येताना कमी ठेवावी का? आणि नायट्रोजनने फरक पडतो का?

प्रतिसाद:
दुपारी अजिबात सोडू नका. गरम टायरमधले १२५ म्हणजे सकाळचेच ११०. ते उतरवून ११० केले की टायर थंड झाल्यावर ९६-९७ उरतात. पुढच्या फेरीला तेवढ्याच हवेवर लोड घेतला तर साइडवॉल (टायरची बाजू) जास्त दबते, दर फेऱ्याला दुमडते, त्यातूनच टायर तापतो. भुगा त्याचाच. काकांनी निदान उलटं धरलंय. हवा बघायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी, किंवा तीनेक तास उभी राहिल्यावर.

आतलाच का? कारण त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत कोणी हात घालत नाही. टॉमी (लोखंडी दांडा) ठोकून पार बसलेला टायर कळतो, वीस पौंड कमी असलेला आवाजावरून कळत नाही. दुतोंडी गेज घ्या, व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावा. जोडीत एकात हवा कमी असली की दुसऱ्यावर जादा वजन येतं आणि कमी हवेचा फरफटत जातो, म्हणजे दोन्ही जातात. नवा आणि घासलेला टायर एका जोडीत टाकला तरी तेच.

११० पुरतात का, ते वजनावर आहे. २०१८ मध्ये ट्रेलरच्या तीन अ‍ॅक्सलची मर्यादा २४ वरून २७ टन झाली, म्हणजे टायरमागे सव्वादोन टन. टायर कंपनीच्या चार्टमध्ये दुहेरी चाकांच्या रकान्यात तेवढ्या वजनाला किती हवा सांगितली आहे ते बघा. रिकाम्याला कमी चालते, पण परत भरायला कोण थांबणार? आहे तशी राहू द्या. नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो, तापल्यावर वाढतो मात्र साध्या हवेइतकाच. त्या पैशात गेज येईल.

भरलेल्या गाडीचा काटा (वजन) कधी केलाय का? आणि फुटतात ते कुठल्या अ‍ॅक्सलचे? एकेका अ‍ॅक्सलचं वजन मिळालं तर इथे टाका. मागच्यावर जास्त पडत असेल तर नुसत्या हवेने भागणार नाही, पाटे (अ‍ॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बघावे लागतील.