वस्तीतल्या प्रश्नावर कविता-सादरीकरण करायचंय, सल्ला हवा

पायवाट
१६ ते २२ वयाची १२ मुलंमुली आहेत. शाळेसमोरच्या रस्त्यावर गाड्या सुसाट जातात, हा विषय त्यांनीच निवडलाय. हातात ८ आठवडे आहेत. मोकळ्या जागेत, माईकशिवाय, साठेक लोकांपुढे सादर करायचं. स्लॅमसारखी, म्हणजे कविता म्हणणाऱ्यांना गुण देणारी, स्पर्धा ठेवावी का? आणि टाळ्या वाजवून सगळे घरी गेले, विषय संपला, असं होऊ नये म्हणून काय आखावं?

खर्ज
स्पर्धा नको. स्लॅमची पद्धत मार्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकात शिकागोत सुरू केली. प्रेक्षकांतूनच ५ परीक्षक निवडतात, ते १० पैकी गुण देतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळतात, कविता ३ मिनिटांची. प्रेक्षकाला कवितेत ओढायला हे उत्तम. पण तुमचा विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातला आहे. त्यावर गुण मिळू लागले की मुलं जास्तीत जास्त भीषण प्रसंग शोधतात, आणि ज्याच्याकडे अपघाताची गोष्ट नाही त्याला आपलं लेखन फिकं वाटतं. रोज कडेला ताटकळणाऱ्या माणसाची कविताही तुम्हाला हवीच आहे.

वेळेची मर्यादा मात्र जरूर घ्या. सावकाश म्हटलं तर मिनिटाला ९०-१०० शब्द होतात, म्हणून थांबे धरून २५० शब्दांपुढे जाऊ नका. १२ एकल कविता सलग ठेवल्या तर अर्ध्यावरच लोकांचं लक्ष उडतं. ५ एकल आणि २ समूहाने म्हणायच्या, एवढं पुरे.

पहिल्या बैठकीत फळ्यावर 'रस्ता सुरक्षा' असं लिहिलंत की १२ भाषणं हाती येतील. त्याऐवजी शाळा सुटायच्या वेळी मुलांना कडेला सुरक्षित जागी २० मिनिटं उभं करा आणि फक्त दिसलेलं-ऐकलेलं टिपायला सांगा. मग १० मिनिटं पेन न थांबवता लेखन. खर्ड्यात 'अन्याय', 'व्यवस्था', 'समाज' जिथे येईल तिथे खाली रेघ मारायची आणि त्या जागी डोळ्यांना दिसेल अशी वस्तू किंवा कृती आणायची. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, तेव्हा मुख्य ओळ दोन-तीनदा येऊ द्या, दर वेळी थोडी बदलून.

अनुनाद
आवाजाचं सांगतो. उघड्यावर आवाज परतवायला काही नसतं. सादर करणाऱ्याच्या पाठीशी भिंत हवी, लोक अर्धवर्तुळात, शेवटची रांग ७-८ मीटरच्या आत. मुलं ओरडू लागतात तेव्हा श्वास लवकर संपतो आणि वाक्याचं शेपूट गिळलं जातं. मराठीत क्रियापद बहुतेक तिथेच असतं, त्यामुळे काय घडलं तेच कळत नाही. संहितेत श्वासाच्या जागी उभ्या रेघा मारून घ्या. एका श्वासात न मावणारी ओळ तोडा. तालमीत एकाला शेवटच्या रांगेत पाठमोरं उभं करा, त्याने ऐकलेली ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवायची.

ऐनवेळी माईक मिळालाच तर तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित तिरका धरा. प, फ, भ यांचा झोत थेट लागला की धप् असा आवाज येतो. जाळी मुठीत धरू नका आणि स्पीकर माईकच्या पुढे ठेवा, नाहीतर शिट्टी वाजते.

सूत्रधार
खर्ज यांच्याशी सहमत. कवितांनंतर फोरम थिएटरचा एक प्रसंग जोडा. ही पद्धत ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची. ८-१० मिनिटांचा प्रसंग बसवायचा, त्यात मुख्य पात्राचा प्रयत्न फसतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकांपैकी कोणीही 'थांबा' म्हणून त्या पात्राची जागा घेतो आणि वेगळं काही करून पाहतो. अडवणाऱ्या पात्राला मात्र बदलू द्यायचं नाही. गाडीवाला आपोआप शहाणा झाला तर लोकांच्या हाती काही लागत नाही. त्याला घाई का आहे हेही ठरवा. निव्वळ खलनायक रंगवला तर कुठलाच उपाय चालणार नाही. प्रसंग चालवणाऱ्या सूत्रधाराने उत्तर सुचवायचं नाही, 'हे खरंच जमेल का?' एवढंच विचारायचं.

बोआल १९९३ ते १९९६ रिओमध्ये नगरसेवक होते. तेव्हा अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांवरून १३ कायदे झाले. त्यासाठी प्रत्येक सूचना लिहून घेणारी माणसं लागत. तुम्हीही दोघांना वह्या घेऊन बसवा.

सायली
संमती दोनदा घ्या: सादर करण्याची वेगळी, चित्रीकरणाची वेगळी. १८ वर्षांखालील मुलांच्या पालकांची लेखी. अपघात झालेल्या घराची गोष्ट सांगायची असेल तर त्या घरच्यांना आधी संहिता वाचून दाखवा. नाव गाळलं तरी वस्तीत माणूस ओळखू येतो. म्हणताना दर तालमीत जो कोलमडतो, त्याची जखम अजून ताजी आहे. ती कविता दुसऱ्याने म्हणावी किंवा या खेपेला राहू द्यावी. शेवटच्या क्षणी माघार घ्यायची मुभा सगळ्यांना हवी, म्हणून एक कविता राखीव तयार ठेवा.

खर्ज
टाळ्यांबद्दल: मागणी एकच ठेवा, आणि ती कोणाच्या अधिकारात येते हे दुसऱ्या आठवड्यातच शोधा. 'रस्ता सुरक्षित करा' यावर कोणीही मान डोलावतो. 'शाळेच्या फाटकापुढे गतिरोधक आणि पट्टे, अमुक तारखेपर्यंत' यावर हो किंवा नाही म्हणावं लागतं. कार्यक्रम तासाभराचा असेल तर शेवटची २० मिनिटं लोकांच्या बोलण्याला राखा. मागणीच्या कागदावर सह्या तिथेच, पांगापांग व्हायच्या आत.

पायवाट
मनापासून आभार! संबंधित अधिकारी आलेच नाहीत तर?

सूत्रधार
आधी भेटून संहिता दाखवा. अचानक सगळ्यांसमोर जाब विचारला जाणार नाही याची खात्री पटली तर येण्याची शक्यता वाढते. तरीही नाही आले तर सह्यांचा कागद आणि सूचनांची वही घेऊन आठवड्याच्या आत चार मुलं कार्यालयात जाऊ देत, बरोबर एक मोठं माणूस. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वेळ मिळाली तर सर्वांत छोटी कविता तिथेच म्हणा.