फुप्फुसातील गाठ: सुई छातीतून घालावी की दुर्बिणीतून?

गोदाकाठ:
माझ्या वडिलांचे वय ६७ आहे. त्यांनी तीस वर्षे विडी ओढली आणि आठ वर्षांपूर्वी ती सोडली. हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी काढलेल्या एक्स-रेमध्ये डाग दिसला म्हणून सीटी स्कॅन केला, तेव्हा उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात, छातीच्या भिंतीलगत, १८ मिलिमीटरची काटेरी कडांची गाठ आढळली. एका डॉक्टरांनी सीटी गाइडेड बायोप्सी, म्हणजे बरगड्यांमधून सुई घालून तुकडा काढणे, सुचवले आहे. दुसरे डॉक्टर आधी श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहू म्हणतात. घरातील वडीलधारी मंडळी मात्र ‘सुई लागली की रोग पसरतो’ यावर ठाम आहेत. कोणता मार्ग योग्य ठरेल?

अंधारखोली:
मी रेडिओलॉजिस्ट आहे. मात्र स्कॅन न पाहता दिलेले हे उत्तर सर्वसाधारण स्वरूपाचेच समजावे. मार्ग ठरतो तो गाठ कुठे आहे यावरून. भिंतीलगतच्या गाठीपर्यंत साधी दुर्बीण बहुधा पोहोचत नाही, कारण श्वासनलिकेच्या फांद्या तिथवर जाईपर्यंत फार बारीक झालेल्या असतात. उलट बरगड्यांमधून जाणाऱ्या सुईला तिथे फुप्फुसाचा थोडाच भाग ओलांडावा लागतो. हल्ली बहुतेक ठिकाणी कोॲक्सियल पद्धत वापरतात. तिच्यात बाहेरची पोकळ सुई फुप्फुसाच्या आवरणातून एकदाच आत जाते आणि तिच्यातून १८ किंवा २० गेजच्या (गेज म्हणजे सुईच्या जाडीचे माप) सुईने तीन-चार तुकडे काढता येतात. त्यामुळे आवरणाला पुन्हा पुन्हा छिद्र पडत नाही.

धोका खरा आहे तो न्यूमोथोरॅक्सचा, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हेरिटास चाचणीत अमेरिकेतील रुग्णांच्या १० ते ३० मिलिमीटरच्या गाठींसाठी दोन्ही मार्गांची तुलना झाली. त्यात छातीतून सुई घातलेल्यांपैकी २८.३ टक्के रुग्णांत हवा साठली, तर नॅव्हिगेशन ब्रॉन्कोस्कोपीत हे प्रमाण ३.३ टक्के होते, आणि अचूकतेत दुर्बीण मागे पडली नाही. मात्र ती संगणकाच्या नकाशावर चालणारी दुर्बीण आहे आणि आपल्याकडे मोजक्याच केंद्रांत आहे. तुम्हाला सुचवलेली दुर्बीण तीच आहे का, हे आधी विचारा. विडीमुळे एम्फिसिमा, म्हणजे फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांची झीज, झाला असल्यास हवा साठण्याचा धोका वाढतो. सुईच्या मार्गात रोग पसरल्याची उदाहरणे आहेत, पण ती इतकी विरळ आहेत की त्या भीतीपोटी निदान लांबवणे मला योग्य वाटत नाही.

सूक्ष्मदर्शी:
वरील उत्तराला पॅथॉलॉजिस्ट म्हणून एक पुरवणी जोडतो. नुसत्या बारीक सुईने ओढलेल्या पेशींवरून कर्करोग आहे की नाही हे पुष्कळदा कळते, परंतु कोणते औषध लागू पडेल हे ठरवणाऱ्या ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ या पुढच्या चाचण्यांसाठी पुरेसे मांस लागते, म्हणून कोअर बायोप्सीचा, म्हणजे सुईने सलग तुकडा काढण्याचा, आग्रह धरावा. आपल्याकडे क्षयाची गाठही पेट स्कॅनवर (किरणोत्सारी साखर टोचून काढलेल्या स्कॅनवर) कर्करोगासारखीच उजळते. त्यामुळे एक तुकडा फॉर्मॅलिन या जंतू मारणाऱ्या रसायनाऐवजी सलाइनमध्ये ठेवून सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) पाठवावा, असे डॉक्टरांना प्रक्रियेआधीच सांगून ठेवा. सगळेच तुकडे फॉर्मॅलिनमध्ये पडले की कल्चरचा मार्ग बंद होतो. हे अगदी साधे काम आहे, तरी घाईत ते राहून गेलेले मी अनेकदा पाहिले आहे. आणि अहवालात केवळ ‘सूज’ किंवा ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ एवढेच आले, तर काटेरी कडांच्या गाठीबाबत त्यावर निर्धास्त राहता येत नाही.

दुपारची_एसटी:
माझी सीटी गाइडेड बायोप्सी गेल्या वर्षी झाली. जागा बधिर केल्यावर दुखले ते टोचल्यापुरतेच. अवघड गेले ते दर वेळी सांगितल्याप्रमाणे श्वास सारखाच रोखणे, त्यामुळे वडिलांकडून घरी सराव करून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारा, स्वतः ठरवू नका. नंतर सुई घातलेली बाजू खाली करून झोपवले आणि काही तासांनी एक्स-रे काढला.

गोदाकाठ:
आपणा सर्वांचे आभार. सीटीचा अहवाल पुन्हा वाचला, तेव्हा शेवटच्या ओळीत ‘श्वासनलिकेजवळ, उजवीकडे १४ मिलिमीटरची लसिकाग्रंथी’ असे लिहिलेले दिसले. त्याने काही फरक पडतो का?

अंधारखोली:
बराच पडतो, आणि दुसरे डॉक्टर दुर्बिणीचा आग्रह का धरत होते तेही आता स्पष्ट होते. त्यांच्या मनात बहुधा एबस असावे. त्यात दुर्बिणीच्या टोकावरील सोनोग्राफीने ग्रंथी प्रत्यक्ष पाहत श्वासनलिकेच्या भिंतीतून २१ किंवा २२ गेजची सुई तिच्यात घालतात. ग्रंथीत कर्करोग निघाला, तर निदान आणि रोगाचा टप्पा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळतात आणि बरगड्यांमधून सुई घालण्याची गरज बहुधा उरत नाही. ग्रंथीत काही निघाले नाही, तर भिंतीलगतच्या गाठीसाठी सीटी गाइडेड बायोप्सीचा पर्याय आहेच. दोन्ही डॉक्टरांना ती शेवटची ओळ दाखवा आणि शक्य झाल्यास त्यांना एकमेकांशी बोलायला सांगा. पेट स्कॅन अजून झाला नसेल, तर तो बायोप्सीच्या आधी करावा का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.