शब्दचर्चा: ‘रेअर अर्थ’मधली मृदा आणि उष्णतेपासून वीज

अडलेला_अनुवाद
एक विज्ञानलेख मराठीत करतेय. भट्टीची, इंजिनाची वाया जाणारी उष्णता थेट विजेत बदलणारे रेअर अर्थ (सिरियम, इट्रियम, लँथॅनम वगैरे धातू) ऑक्साइड पदार्थ, असा विषय. ‘थर्मोइलेक्ट्रिक’ला ‘औष्णिक’ चालेल का? आणि ‘दुर्मिळ मृदा’ म्हटलं की वाचकाला मृदा परीक्षण आठवणार, त्याचं काय करू?

भट्टीवाला
‘औष्णिक’ अजिबात नको, ताई. औष्णिक म्हणजे चंद्रपूर, कोराडी: कोळसा, वाफ, टर्बाइन. इथे फिरणारं काहीच नाही. पदार्थाचं एक टोक तापलं आणि दुसरं थंड राहिलं की दोन टोकांमध्ये विद्युतदाब तयार होतो. जर्मन शास्त्रज्ञ सीबेकला हा परिणाम १८२१ मध्ये दिसला, पण तो त्याला चुंबकत्व समजला. ‘तापविद्युत’ही टाळा, कोळशावर वीज करणाऱ्या एनटीपीसीचं हिंदीतलं जुनं नाव ‘राष्ट्रीय ताप विद्युत निगम’ असं होतं. ‘उष्माविद्युत’ लिहा. आमच्या भट्टीतलं तापमान मोजणारं थर्मोकपल याच तत्त्वावर चालतं. त्याच्या के टाइप या प्रकाराला अंशामागे साधारण ४० मायक्रोव्होल्ट मिळतात. तेवढ्यावर तापमान कळतं, दिवा लागत नाही.

चुनखडी
मृदेची गोष्ट वेगळी. अठराव्या शतकातले रसायनज्ञ पाण्यात सहसा न विरघळणाऱ्या आणि आगीला दाद न देणाऱ्या भुकट्यांना ‘अर्थ’ म्हणायचे. चुना, मॅग्नेशिया, ॲल्युमिना, सगळ्या त्यातच. त्या धातूंची ऑक्साइडं आहेत हे पुढे सिद्ध झालं. १७९४ मध्ये गॅडोलिनने स्वीडनमधल्या इटर्बी गावच्या काळ्या दगडातून अशीच एक नवी ‘अर्थ’ शोधली. इट्रियम, इटर्बियम, टर्बियम, अर्बियम ही चारही नावं त्या एका गावावरून आली. तेव्हा ‘रेअर अर्थ ऑक्साइड’ हा मुळातच पिवळा पीतांबर आहे! ‘दुर्मिळ’ही नावापुरतंच, सिरियम भूकवचात जवळपास तांब्याइतकं आहे. मी ‘विरल मृदा’ लिहितो. जुन्या लेखनात ‘विरल मृत्तिका’ही सापडेल.

गावकुसाबाहेर
मग सरळ ‘भस्म’ म्हणा की. जसदभस्म म्हणजे झिंक ऑक्साइडच.

चुनखडी
मोह होतो खरा, पण ‘सिरियमभस्म’ वाचून लोक ते मधाबरोबर घ्यायचं की तुपाबरोबर, असं विचारतील. ऑक्साइडच राहू दे.

भट्टीवाला
शब्द ठरवण्याआधी एक तपासा. लेखात यंत्रणा कुठली आहे? कारण रेअर अर्थ ऑक्साइडं दोन अगदी वेगळ्या कामांत येतात.

पहिलं सीबेकचं. त्यासाठी वीज धावू देणारा पण उष्णता अडवणारा पदार्थ लागतो आणि हे दोन गुण सहसा एकत्र नांदत नाहीत. नेहमी वापरला जाणारा बिस्मथ टेल्युराइड खोलीच्या तापमानाजवळ उत्तम, पण अडीचशे अंशांच्या वर लंगडतो. ऑक्साइड हवेत लालबुंद तापलं तरी जळत नाही, कारण ते आधीच ‘जळलेलं’ असतं. १९९७ मध्ये जपानमध्ये तेरासाकी यांनी सोडियम कोबाल्ट ऑक्साइडचे गुण दाखवले आणि मंडळी ऑक्साइडांकडे वळली. रेअर अर्थ इथे मिसळण म्हणून येतं. स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये दोन धन प्रभाराच्या स्ट्रॉन्शियमच्या जागी तीन धन प्रभाराचं लँथॅनम बसवलं की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि वीज वाहू लागते. कार्यक्षमतेत मात्र ऑक्साइडं अजून मागेच आहेत.

दुसरं काम प्रकाशाचं. गॅसबत्तीचं मेंटल आठवा. पहिल्यांदा पेटवलं की कापड जळून जातं आणि थोरियम-सिरियमच्या ऑक्साइडची पांढरी जाळी उरते, बोट लागलं तरी भुगा. तसंच मेंटल इटर्बियम ऑक्साइडचं केलं तर ते ज्योतीत तापून मुख्यतः १,००० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात प्रकाश फेकतं आणि सिलिकॉनच्या सौरघटाला नेमका तोच पचतो. अर्बियमचा पट्टा १,५०० च्या आसपास, त्याला गॅलियम अँटिमनाइडचा घट लागतो. याला ‘उष्माविद्युत’ म्हणणं चूक. इथे वीज करतो तो घट, ऑक्साइड फक्त उजेड पुरवतं.

अडलेला_अनुवाद
लेखात दोन्ही आहे की हो! मूळ लेखकाने एकाच मथळ्याखाली कोंबलंय. आता पहिल्याला ‘उष्माविद्युत पदार्थ’ आणि दुसऱ्याला ‘उष्मा-प्रकाशविद्युत’ करते. ‘सिलेक्टिव्ह एमिटर’चं काय?

चुनखडी
‘निवडक उत्सर्जक’ कोशाला शोभेल. लेखात ‘ठरावीक पट्ट्यात उजळणारा पदार्थ’ लिहा, लांब आहे पण कळतं.

भट्टीवाला
आणि मेंटलला मेंटलच ठेवा, ‘प्रावरण’ नको. ते भूगर्भवाल्यांनी आधीच घेतलंय.