मदत हवी आहे : गालाच्या आतले चट्टे जागा बदलतात. सोरायसिसशी संबंध असतो का?

नमस्कार मंडळी,

वय ४१, पुण्यात राहतो. तंबाखू, गुटखा, सिगरेट काहीही नाही (हे आधीच सांगतो, कारण प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो). गेले चार महिने खालच्या ओठाच्या आत आणि डाव्या गालाच्या आतल्या बाजूला लालसर चट्टे येतात. कडेला पांढरट-पिवळसर, किंचित उचललेली वेडीवाकडी रेघ. दुखत नाहीत, पण ठेचा किंवा टोमॅटोचं सार तोंडात गेलं की झोंबतात. नेहमीचं तोंड येणं असतं तसा खड्डा मात्र नाही.

खरी गंमत पुढे आहे. हे चट्टे चालतात! सोमवारी ओठाच्या आत असलेला शुक्रवारी तिथे नसतो, गालाकडे दुसराच उगवलेला असतो. बायको म्हणाली, मनाचे खेळ आहेत. मग रोज सकाळी दात घासल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून, ओठ चिमटीत धरून फोटो काढायला लागलो. आता फोनमध्ये मुलीच्या वाढदिवसापेक्षा माझ्या गालाचे फोटो जास्त आहेत.

आईचं निदान : उष्णता. सब्जा, गुलकंद, तुरटीच्या गुळण्या झाल्या. घराजवळच्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स दिलं, मग बुरशी समजून तोंडात लावायचं औषध. ढिम्म फरक नाही. शेवटी एका डेंटल कॉलेजात दाखवलं. तिथल्या मॅडमनी गॉझने पुसून पाहिलं (निघालं नाही), फोटो पाहिले आणि कागदावर लिहिलं, 'एरिथेमा मायग्रन्स'. मग विचारलं, "घरात कुणाला सोरायसिस आहे का?" बाबांना आहे. कोपरांवर आणि डोक्यात, वीसेक वर्षं. "त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा," एवढं बोलून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

घरी येऊन ते नाव गुगल केलं तर गोचीड चावून होणारा लाइम रोग निघाला. रात्रभर मी आठवतोय, गोचीड कधी चावली!

प्रश्न असे : बाबांचा सोरायसिस आता माझ्या तोंडातून सुरू होतोय का? तुकडा काढून तपासायची गरज आहे का? मुलगी माझ्या ताटातलं खाते, तिला लागेल का?

– आडवाटसरू

शेवगा : माझ्या भाच्याच्या जिभेवर असतं हे. नकाशासारखं दिसतं म्हणून जिऑग्राफिक टंग म्हणतात. पाच वर्षं झाली, पोरगा मजेत मिसळ खातो.

दातखीळ : मी दंतवैद्य आहे. फोटो न बघता निदान करत नाही, पण तुमच्या मॅडम योग्य वाटेवर आहेत असं वाटतं.

आधी गोचिडीचं. एकाच नावाचे दोन वेगळे आजार आहेत. लाइममधला चट्टा कातडीवर येतो आणि पसरत जातो. तोंडातल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

जिभेवरचा प्रकार शंभरात एक ते तीन लोकांना असतो. जिभेवरची धाग्यासारखी बारीक टोकं तेवढ्या भागात झडतात, म्हणून तो लाल, गुळगुळीत दिसतो. मग ती परत उगवतात आणि दुसरीकडे झडतात. रेये या फ्रेंच डॉक्टरने १८३१ सालीच याची नोंद केली होती. गालाला, ओठाच्या आत किंवा जिभेखाली होणं त्या मानाने दुर्मीळ, म्हणूनच पहिल्या फेरीत ओळखू येत नाही. संसर्गजन्य नाही, मुलीला खुशाल भरवा. कॅन्सरही होत नाही यातून.

सोरायसिसचं नातं खरं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत वरच्या थरात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) पेशींचे बारीक पुंजके साचलेले दिसतात, इतके सारखे की पेशंटची माहिती नसेल तर स्लाइड वाचणाराही अडखळतो. सोरायसिसशी जोडलेला एचएलए-सी ०६ हा जनुकप्रकारही अशा काही लोकांत सापडतो. पुळ्यांच्या, म्हणजे पस्च्युलर सोरायसिसमध्ये तर हे बरंच दिसतं. पण उलटं गणित मांडू नका. असे चट्टे असलेल्या बहुतेकांना सोरायसिस नसतो. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, केसांत जाड खवले, सकाळी उठल्यावर बोटं आखडणं, यातलं काही आहे का ते बघा आणि त्वचेच्या डॉक्टरांना सांगा.

तुकडा : चट्टे फिरत असतील तर सहसा लागत नाही. एकच चट्टा एकाच जागी दोन-तीन आठवडे ठाण मांडून बसला, टणक झाला, रक्त आलं, तर मात्र लगेच.

रानमेवा : पेस्ट बदला. भरपूर फेस आणि झणझणीत पुदिना असलेली सोडली तेव्हा माझी आग निम्म्याने कमी झाली. आणि तुरटी बंद करा हो, काकूंची क्षमा मागून.

दातखीळ : पेस्टचं बरोबर. फारच झोंबलं तर स्टेरॉइडचा लेप असतो, पण डॉक्टरांनी दिला तरच. त्रास नसेल तर काही करू नये, हाच उपचार. आणि कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका, वडिलांनाही देऊ नका. सोरायसिसमध्ये त्या एकदम थांबवल्या की आजार उसळतो, कधी पुळ्यांच्या रूपात. बाय द वे, वडिलांची जीभ कुणी पाहिली आहे का?

आडवाटसरू : सगळ्यांचे आभार. माझी नखं साफ आहेत, डोक्यात नेहमीचा कोंडा आहे की खवले ते डॉक्टरच सांगतील.

काल जेवणानंतर बाबांना म्हटलं, जीभ दाखवा. आधी चिडले, मग दाखवली. मधोमध खोल चीर आणि दोन्ही बाजूंना फाटे, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो तशी.

दातखीळ : भेगाळलेली जीभ. सोरायसिसवाल्यांत तोंडात सगळ्यात जास्त हीच दिसते, आणि तुमच्या चट्ट्यांबरोबरही पुष्कळदा असते. भेगांत अन्न अडकू नये म्हणून मऊ ब्रशने हलकं घासायला सांगा. बाकी काळजी नको.

आडवाटसरू : सांगितलं. त्यांचं म्हणणं, "सगळ्यांचीच अशी असते की." मग आईला जीभ काढायला लावली आणि दोघं आरशासमोर उभे राहिले. मंगळवारची अपॉइंटमेंट आता दोघांच्या नावाने घेतली आहे.