ट्रंपेट रेकॉर्ड करायला कुठला माइक घेऊ? खोली छोटी आहे

फेडर_खाली
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत घरातल्याच एका खोलीत स्टुडिओ केलाय, १० बाय १२ ची खोली, आजवर व्हॉइसओव्हर, भजनं, पोरांचे रॅप असलंच काम. आता एका शॉर्टफिल्मला वरातीचं म्युझिक पाहिजे आणि डायरेक्टरचा हट्ट की कीबोर्डवरचा ट्रंपेट चालणार नाही, खरे बँडवालेच आणा. दोन ट्रंपेट, एक युफोनियम (जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य). एका मास्तरांना बोलवून ट्रायल घेतली तर मोठ्या डायफ्रामच्या (आवाज झेलणाऱ्या पडद्याच्या) कंडेन्सर माइकवर आवाज नुसता कानात टोचतोय आणि वरच्या सुरांना फाटतोय, प्रीॲम्पचा (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) गेन पार तळाला नेला तरी फाटतोय. एसएम ५७ हा साधा डायनॅमिक माइक पण आहे घरात. बजेट २५-३० हजार. रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) घे म्हणतात सगळे, खरंय का? का जरा भारी कंडेन्सर घेऊ?

रात्रपाळी_मिक्स
भावा भारी कंडेन्सरनं काय होणार नाही. गेन कमी करून पण फाटतंय म्हणजे बहुतेक प्रीॲम्पच्या आधीच, माइकच्या आतल्या सर्किटमध्येच ओव्हरलोड होतंय. ट्रंपेटच्या तोंडाशी १३० डीबीच्या आसपास जातं जोरात फुंकल्यावर. न्यूमनच्या यू ८७ या भारी कंडेन्सरची लिमिट ११७ डीबी हाय, पॅड (सिग्नल कमी करणारं माइकवरचं बटन) टाकला की १२७, मग तुझ्या स्वस्तातल्याचं काय घेऊन बसलास. पॅडचं बटन असंल तर टाक आणि माइक मागं घे, तेवढ्यानं फाटायचं थांबंल. टोचायचं मात्र नाही थांबणार, कारण तसल्या बऱ्याच कंडेन्सरना वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम उचललेल्या असतात, गाण्याच्या आवाजाला चमक यावी म्हणून. ट्रंपेटला आधीच चमक लई. रिबन तिथं नैसर्गिक उतरतो म्हणून ब्राससाठी वापरतात, रॉयर आर १२१, कोल्स ४०३८ ही त्यातली मोठी नावं. आर १२१ लाखाच्या पुढं, ते सोड. एमएक्सएलचा आर १४४ सारखा स्वस्तातला बघ.

घोंगडी_अकूस्टिक्स
वरच्यांचं बरोबर आहे पण खोली विसरलात राव. साधा रिबन फिगर-८ असतो, पुढून जेवढं ऐकतो तेवढंच मागून. १० बाय १२ मध्ये माइकच्या मागं हातभर अंतरावर भिंत आली की ट्रंपेट तिच्यावर आपटून परत माइकमध्ये, आणि मग सगळा आवाज डब्यात वाजल्यासारखा. रिबन घ्यायचाच तर त्याच्या मागं घोंगड्या टांग, जाड लोकरीच्या, भिंतीला चिकटवून नको, चार-सहा इंच सोडून. बेयरडायनॅमिकचा एम १६० हा रिबन असून हायपरकार्डिओइड आहे, मागचं कमी घेतो, छोट्या खोलीला तोच बरा, पण तुझ्या बजेटच्या बाहेर. मी असतो तर आधी ५७ वरच सगळं करून बघितलं असतं आणि पैसे घोंगड्यांत घातले असते.

मास्तरांचा_नातू
आमच्या घरात तीन पिढ्या ट्रंपेट हाय म्हणून सांगतो, माइकचं मला फार कळत नाही. बेलच्या (ट्रंपेटच्या रुंद तोंडाच्या) बरोबर समोर उभा राहून ऐक आणि मग दोन पावलं बाजूला सरकून ऐक, वाजवणारा तोच, आवाज वेगळा. कडक आवाज सरळ रेषेत जातो, बाजूला गोड लागतो. माइक तिथंच लावा की. दुसरं म्हणजे मास्तर पाठ असलेलं वाजवताना बेल वर उचलतात आणि नोटेशन समोर ठेवलं की खाली घालतात, त्यामुळं अगदी जवळ माइक लावला की प्रत्येक टेकला आवाज बदलतो. दोन-तीन फूट लांब ठेवा. आणि कृपा करून टेकवर टेक घेऊ नका, ओठ गेले की वरचे सूर लागत नाहीत, मग कुठलाबी माइक आणा.

फेडर_खाली
@मास्तरांचा_नातू हे कोणीच सांगितलं नव्हतं दादा, आभार. ५७ अडीच फुटांवर, बेलच्या जरा बाजूला लावून ऐकला, टोचणं बरंच गेलं. युफोनियमचं काय? त्याचं तोंड तर वर असतंय.

घोंगडी_अकूस्टिक्स
युफोनियमला तुझा कंडेन्सरच लाव, पॅड टाकून, बेलच्या वर दोनेक फूट आणि जरा एका कडेला. त्याच्या आवाजात ट्रंपेटची धार नसते, तिथं कंडेन्सर शोभतो. फक्त छताचा स्लॅब कमी उंचीवर असंल तर आवाज वर आपटून परत येतो, एक घोंगडी डोक्यावर पण बांध. ट्रंपेट आणि युफोनियम वेगवेगळे घे, एका वेळी घेतले तर कंडेन्सरमध्ये ट्रंपेटच जास्त येईल.

रात्रपाळी_मिक्स
आणि पुढं कधी रिबन घेतलास तर ४८ व्होल्टचं फँटम (कंडेन्सरला केबलमधून जाणारी वीज) बंद करून मगच केबल लाव. केबल चांगली असंल तर सहसा काय होत नाही, पण एखादी पिन शॉर्ट असली की आतली पट्टी ताणली जाते, ती दोन-चार मायक्रॉनचीच असते. फुंकून टेस्ट तर अजिबात करायची नाही, बँडवाल्यांना पण आधीच सांगून ठेव. भाड्यानं मिळतोय का बघ आधी, एका दिवसाच्या कामाला विकत कशाला.