तीन गोण्या पुस्तकं

बी-204: नमस्कार मंडळी. घर रंगवायला काढलंय, तीन गोण्या पुस्तकं निघाली. आपल्या मागच्या वाचनालयात घेतील का? रद्दीत घालायला जीव होईना.

ए-101: ताई, आधी गोण्या उघडा. मागच्या साली आपल्याच बिल्डिंगीतून दोन पोती गेली. निघालं काय? आठवी-नववीची जुनी गाईडं, एक 2011 चं कॅलेंडर अन् कोणाच्या तरी मुंजीची पत्रिका. ग्रंथपाल मॅडम तीन दुपारी निवडत बसल्या.

सी-302: मग नाही म्हणावं की काका त्यांनी.

ए-101: माणूस पोतं घेऊन दारात उभा राहिला की नाही म्हणवत नाही रे. अन् पुस्तक एकदा दाखल रजिस्टरला चढलं की सुटका नाही. नंबर टाका, पहिल्या पानावर शिक्का, आत ठरलेल्या एका पानावर अजून एक, म्हणजे कोणी पहिलं पान फाडलं तरी कळतं. पुढं बाद करायचं तर यादी करा, ठराव घ्या. तपासणीत विचारतात.

सी-302: पण अनुदान मिळतं ना सरकारचं?

ए-101: मिळतं. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं. अ, ब, क, ड वर्ग असतात, वर्गाप्रमाणं रक्कम. येते हप्त्यानं. त्यातच पगार, त्यातच पुस्तकं, मासिकं, लाईट बिल. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडून थोडी पुस्तकं येतात, पण पुस्तकावर कूलर चालत नाही. अभ्यासिकेत खेड्यातली लेकरं सकाळी सहाला येऊन बसायलीत, भरतीचा अभ्यास करायलीत. परभणीचा मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको. खोलीवर पत्रा असलेलं पोरगं दुपारी जाईल कुठं?

ए-303: आमचा लहाना रविवारी गोष्टीच्या तासाला जातो. मागच्या खेपेला मॅडम नव्हत्या तर पोरं अर्धा तास पायरीवर बसून परत आली. एकट्या बाईनं देवघेव पण बघायची अन् हे पण. आपल्यातलं कोणी जाऊन वाचून दाखवलं तर चालेल का?

ए-101: चालेल म्हणजे काय, पळेल! आज 12 ऑगस्ट, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन. मॅडमला हार घालण्यापेक्षा हेच करा.

सी-302: मला रविवार जमतो. पण मला वाचून दाखवता येत नाही हो, लेकरं झोपतील.

ए-303: झोपली तर उलट बरंच 😄

ए-101: अन् खरं सांगू का, सोसायटीत 36 घरं, सभासद आपण चौघं. वर्गणी महिन्याला दोन चहाच्या पैशात बसते. दिवाळी अंकांची योजना लागली की मात्र सगळ्यांना माझ्या नावावर अंक पाहिजेत!

बी-204: काका, दोन गोण्या रद्दीला गेल्या, तुमचं ऐकून. तिसरीत लेकरांची पुस्तकं बरी आहेत, 40-45 तरी असतील. पण एक घोळ झालाय. तुम्ही शिक्क्याचं म्हणालात म्हणून चाळलं. एका कादंबरीचं पहिलं पानच नाही, अन् पान 21 वर आपल्याच वाचनालयाचा शिक्का. मागच्या चिठ्ठीवर परतीची तारीख 1998 ची. सासऱ्यांनी आणलं असणार.

सी-302: दंड किती झाला असेल 😂

ए-101: ते तुम्ही अन् मॅडम बघून घ्या. मी मधे पडत नाही. रविवारी दहाला गाडी काढतो, गोणी खाली आणून ठेवा.