कुलाब्यातली स्वस्त लॉज : पार्टिशनचं काय?

"ताजच्या मागे हजार-दीड हजारात खोली घेण्यापेक्षा अंधेरीला तेवढ्याच पैशात चांगलं हॉटेल मिळेल" असं कुलाब्यातल्या स्वस्त लॉजवरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. खोलीपुरतं बरोबर आहे. पण काम फोर्टात असेल तर सकाळच्या गर्दीत चर्चगेट लोकलला लोंबकळून जे घामाघूम होणं वाचतं, त्याची किंमत कोण धरणार? कुलाब्यातून मी दहा-पंधरा मिनिटांत चालत कामावर पोचायचो.

इथे कुणी पार्टिशनबद्दल लिहिलं नाही म्हणून सांगतो. जुन्या इमारतींचे वरचे मजले घेऊन चालवलेल्या काही लॉजमध्ये एका मोठ्या हॉलच्या प्लायवूड ठोकून खोल्या केलेल्या असतात, आणि ते प्लायवूड छतापर्यंत जात नाही. मी तीन रात्री होतो तिथे शेजारचा दिवा लागला की माझ्या छतावर उजेड. त्याचा पहाटे पाचचा अलार्म मीच ऐकायचो, तो मात्र घोरत पडलेला! त्यामुळे आगाऊ पैसे भरण्याआधी खोलीत जाऊन वर बघा, खिडकी खरीच बाहेर उघडते का तेही बघा (माझी जिन्यात उघडायची).

आणखी एक, भाडं ठरवताना जीएसटी धरून की वगळून ते विचारा. पूर्वी रोज हजारापर्यंतच्या खोलीला करच नव्हता, ती सवलत जुलै 2022 मध्ये गेली. दारावरच्या पाटीवरचा आकडा आणि बिलाचा आकडा वेगळा निघतो तो बऱ्याचदा त्यामुळेच.